आईची धास्ती आईपाशीच

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मी ऑफिसला निघताना दारात बसून बूट घालत होतो, तर ती आली आणि माझी पँट मुठीत धरून उभी राहिली.

"बाबा, हेल्मेट घेतलं? ट्रकच्या मागून नको जाऊस. पोचलास की फोन कर."

मला हसू आलं. पुण्यात त्या काळी हेल्मेटचं नाव काढलं तरी लोक वाद घालायला उभे राहायचे, आणि इथे माझी चार वर्षांची पोर माझी झडती घेत होती.

"करतो फोन," मी म्हणालो.

"फोन नाही लागला तर?"

"परत लावीन."

"परत नाही लागला तर?"

तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती खेळत नव्हती. तिचे ओठ थरथरत होते आणि मूठ इतकी घट्ट होती की बोटांची टोकं पांढरी पडली होती. मी हलकेच मूठ सोडवायला गेलो, तशी ती मोठ्यांदा रडायला लागली आणि नुकतंच प्यायलेलं दूध सगळं माझ्या बुटांवर आलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मुलीचं तोंड पुसलं, कपडे बदलले, माझे बूट ओल्या फडक्याने पुसून दिले. मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा मुलगी शेजाऱ्यांकडे खेळत होती. बायकोने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "सकाळी ती जे बोलली ना, त्यातला एकही शब्द तिचा नाही. सगळे माझे आहेत. त्याच क्रमाने."

ते खरंच होतं. लग्न झाल्यापासून रोज दारात मी हे ऐकत आलो होतो. इतकं ऐकलं होतं की ऐकू येणं बंद झालं होतं. मुलीला मात्र ऐकू येत होतं.

मी वाशिमकडचा. आमच्या घरी पोरं दुपारी जेवायला आली नाहीत तर कुणाच्या तरी घरी जेवली असतील असं समजून आई झाकणं घालून मोकळी व्हायची. कॉम्प्युटरची नोकरी लागली म्हणून मी पुण्याला आलो. त्या दिवसांत पुण्यात जिकडेतिकडे नव्या कंपन्या उघडत होत्या, आणि आमच्या भागातला ज्याला चार ओळी इंग्रजी लिहिता येतील तो पुण्याच्या गाडीत बसत होता. इथे नोकरीत स्थिरावलो आणि विश्रांतवाडीचं एक स्थळ सांगून आलं. मुलगी ग्रंथालयशास्त्र शिकलेली, कर्वेनगरच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला. बोलायला मोकळी, वाचन भरपूर, हसली की डोळे आधी हसायचे. मी तिथेच होकार दिला.

तिच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. सरकारी कचेरीत भांडारात होते. माणूस लाखात एक. आमचं लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर अण्णा गॅलरीत उभे. मला वाटलं माझी वाट पाहताहेत. ते वाट पाहत होते, पण माझी नव्हे. त्यांची मुलगी कॉलेजातून यायची होती आणि बसला उशीर झाला होता. मला "या" म्हणाले, पण नजर रस्त्यावरून हलली नाही. शेवटी चपला घालून बसस्टॉपपर्यंत गेले आणि तिला घेऊनच आले. तिच्या घरात हे रोजचं होतं. पावसात विजेच्या खांबापासून लांब चाल, कुत्रं दिसलं की रस्ता बदल, अनोळखी माणसाने वेळ विचारली तरी उत्तर देऊ नकोस. आई लहानपणीच गेल्यामुळे अण्णांनी मुलीला तळहातावर जपलं होतं, आणि तळहात काही केल्या उघडत नव्हता. ती शाळेच्या एकाही सहलीला गेली नव्हती. ज्या शहरात नऊवारीतल्या बायका सायकलवरून मंडईत जाऊन भाजी आणायच्या, त्या शहरात जन्मून वाढून तिला सायकल येत नव्हती.

ही धास्ती ती सासरी घेऊन आली. मला उशीर झाला की तिच्या छातीत कुणी मूठ आवळल्यासारखं व्हायचं, तळवे गार पडायचे. ती ऑफिसला फोन करायची. आमच्याकडे फोन घेणाऱ्या बाई अस्सल पुणेकर होत्या. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुमच्या मिसेसचा फोन होता. तुम्ही जिवंत आहात असं मी आपलं माझ्या जबाबदारीवर सांगितलंय." मी घरी येऊन हा किस्सा सांगितला तेव्हा बायको पोट धरून हसली. स्वतःच्या धास्तीवर ती नेहमीच हसू शकायची. फक्त तिला थांबवू शकत नव्हती.

बुटांवर दूध आलं त्यानंतर मुलीचं पोट वरचेवर दुखायला लागलं. बालवाडीला निघताना दुखायचं, सुट्टीच्या दिवशी दुखायचं नाही. मुलांच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात कुणाला फार काळजी करायची सवय आहे का?"

मी काही बोलायच्या आत बायकोने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "मला आहे. माझ्या वडिलांना आहे. हिला लागू द्यायची नसेल तर काय करू, ते सांगा."

मला तिचं पहिल्यांदा आश्चर्य वाटलं ते या वेळी. लोक डॉक्टरांकडे जाऊन मुलांच्या तक्रारी सांगतात. हिने स्वतःचं नाव पुढे केलं. डॉक्टरांनी एरंडवण्यातल्या एका समुपदेशक मॅडमचा पत्ता दिला. त्या काळी असल्या ठिकाणी जाणं म्हणजे डोक्यावर परिणाम झाला, एवढंच लोकांना कळायचं. "अण्णांना काय सांगायचं?" मी विचारलं. ती म्हणाली, "जे आहे ते. दाताच्या डॉक्टरकडे जाताना आपण लपवतो का?"

पहिल्या वेळी मीही बरोबर गेलो. जुन्या बंगल्याची मागची खोली, वेताच्या खुर्च्या, खिडकीबाहेर पेरूचं झाड. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आवाज एकदम साधा. त्यांनी बायकोचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघा, थोडं रक्तातून येतं आणि थोडं बघून बघून येतं. रक्तातल्याचं आपण काही करू शकत नाही. बघण्याचं करू शकतो."

"म्हणजे मी तिच्यासमोर घाबरायचं नाही?" बायकोने विचारलं. "ते नाही हो जमणार मला."

"घाबरा की. लपवू नका, मुलांना कळतंच. पण घाबरल्यावर तुम्ही पुढे काय करता, तेही तिला दिसू द्या. आत्ता तिला फक्त अर्धंच दिसतंय."

बायकोने पुढे विचारलं, "आणि तिला भीती वाटली तर? मी तर लगेच तिला उचलूनच घेते."

"तेच जरा कमी करा. भीती वाटली की आई येऊन ती गोष्टच बाजूला करते, हे कळलं तर मूल म्हणणार, म्हणजे गोष्ट खरंच भयंकर असणार. तिच्या शेजारी बसा. तिच्याऐवजी उठू नका."

परतीच्या रिक्षात बायको म्हणाली, "शेजारी बसायचं. ऐकायला किती सोपं आहे." तिचा हात माझ्या हातात होता आणि बर्फासारखा गार होता.

त्यानंतर मॅडमकडे ती एकटीच जाऊ लागली, आणि घरात हळूहळू काही गोष्टी बदलल्या. आधी दारातला निरोप बदलला. मी बूट घालताना ती म्हणायची, "जा. मला काळजी वाटणार आहे. वाटू दे. मी कामाला लागते." आणि खरोखर वळून कामाला लागायची. पहिले काही दिवस तिच्या हातून साखरेऐवजी मीठ पडायचं, दूध उतू जायचं. मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघायची. मी निघून जायचो. घर जागेवर राहायचं. संध्याकाळी मी परत यायचो. हे मुलीला रोज दिसत होतं.

मग तिने मुलीला छोट्या कामांना धाडायला सुरुवात केली. आमच्या सोसायटीच्या फाटकाच्या आत एक भाजीवाल्या मावशी टोपली घेऊन बसायच्या. रस्ता ओलांडायचा नाही, गाडी आडवी येण्याचा प्रश्न नाही. एका रविवारी तिने मुलीला कोथिंबीर आणायला सांगितलं. मुलगी म्हणाली, "तू गॅलरीत उभी राहशील?"

अण्णा असेच गॅलरीत उभे राहायचे; तसं उभं राहणं म्हणजे बायकोसाठी काय होतं, ते मला माहीत होतं. बायको म्हणाली, "नाही. मी इथे मटार सोलत बसणार आहे. तू ये मग मला दे."

मुलगी गेली. बायको जमिनीवर बसून मटार सोलायला लागली, दाणे ताटाबाहेर, सालं पातेल्यात. मी म्हणालो, "मी बघून येऊ?" तिने मान हलवून नाही म्हटलं. जिन्यावर छोट्या पावलांचा आवाज आला तेव्हा तिने डोळे मिटून श्वास सोडला. मुलगी आत आली. हातात पुदिन्याची जुडी.

"मावशींनी छान वास दिला," मुलगी म्हणाली.

"अरे वा," बायको म्हणाली, "मग आज पुदिन्याची चटणी." कोथिंबिरीचं तिने नाव काढलं नाही. त्या दिवशी पोह्यांवर कोथिंबीर नव्हती आणि इतके चवदार पोहे आमच्या घरी पुन्हा झाले नाहीत.

त्याच वर्षी माझ्या कंपनीने मला काही महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. आमच्याकडे त्याला ऑनसाइट म्हणत आणि ज्याला ते मिळे त्याला पेढे वाटावे लागत. मी घरी सांगायला घाबरत होतो. माझ्या मनात होतं की बायको नको म्हणेल, आणि ती नको म्हणाली असती तर मी गेलोही नसतो. तिने ऐकलं, खुर्चीवर बसली, पाणी प्यायली. मग मुलीला हाक मारून जवळ घेतलं.

"बाबा विमानाने लांब जाणार आहे. मला ऐकल्यावर पोटात गोळा आला. बघ, हात लावून बघ. हात पण गार झालेत."

मुलीने हात लावून पाहिला. "हो गं, गार आहेत."

"आता आपण काय करू? बाबाला जाऊ नको म्हणू?"

मुलगी विचारात पडली. "मग बाबाला विमान नाही बघायला मिळणार."

"नाही मिळणार. मग?"

"मग आपण हात चोळू," मुलगी म्हणाली, आणि आपले छोटे तळवे आईच्या तळव्यांवर घासायला लागली.

मी गेलो. तिकडून फोन महाग होता आणि वेळा उलट्यासुलट्या. बायकोने एकच मागितलं, पोचल्याचा फोन. बाकी ती म्हणाली, "तुला जमेल तेव्हा कर. मी दर तासाला घड्याळ बघणार, ते माझं मी बघीन." पुढे मोबाइल स्वस्त झाले, माणसागणिक खिशात आले. माझ्या कितीतरी सहकाऱ्यांच्या घरून दिवसभर "कुठे आहेस?" चालायचं. ज्या बाईला याची सगळ्यांत जास्त गरज होती तिने दिवसात एका फोनवर स्वतःला बांधून घेतलं होतं. मी अमेरिकेहून परत आलो तेव्हा मला कळलं की त्या महिन्यांत तिची झोप फार कमी झाली होती, मॅडमनी तिला एका डॉक्टरांकडे पाठवलं होतं आणि ती गोळ्या घेत होती. तेही तिने मुलीपासून लपवलं नव्हतं. मुलगी मला म्हणाली, "आईला काळजीचं औषध आहे. जेवण झाल्यावर घेते."

मुलगी दुसरीत असताना तिला सायकल हवी झाली. अण्णांनी ऐकल्याबरोबर सांगितलं, "मुळीच नाही." बायकोने मुलीला छोटी सायकल आणली, आणि स्वतःसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक भाड्याची लेडीज सायकल घेऊन आली. मला वाटलं मुलीबरोबर ढकलत नेणार असेल. ती म्हणाली, "मी पण शिकणार आहे."

सकाळी सोसायटीमागच्या गल्लीत दोघींचं शिक्षण सुरू झालं. मी मुलीच्या सायकलचं सीट धरून पळायचो, मग बायकोच्या. मुलगी दोन-चार सकाळींत शिकून मोकळी झाली. बायको मात्र पडायची, उठायची, पुन्हा पडायची. गुडघे फुटले, कोपर सोलवटलं, एकदा सायकलसकट मेंदीच्या कुंपणात गेली. तळमजल्यावरचे एक आजोबा रोज पेपर वाचत गॅलरीतून बघायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही. "काय हो, पुढच्या जूनला शाळेत नाव घालायचंय वाटतं?"

"घालायचंय की," बायको सायकल उचलत म्हणाली, "तुमची ओळख असेल तर सांगा."

मुलगी तिच्याभोवती गोल गोल सायकल फिरवत ओरडायची, "आई, पुढे बघ! चाकाकडे नको बघू!" आणि एका सकाळी मी सीट सोडलं ते तिला कळलंच नाही. ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. वळता येत नव्हतं म्हणून तिथे भिंतीला हात टेकून थांबली आणि मागे वळून बघितलं. मी तिच्यापासून किती लांब आहे ते तिला तेव्हा दिसलं. तिचा चेहरा एकदम पांढरा झाला, आणि मग लाल. मी कामानिमित्त पुष्कळ हुशार माणसं पाहिली, मोठमोठ्या सभांमध्ये न डगमगता बोलणारी. पण पस्तिशीतल्या, गुडघ्याला हळद लावलेल्या त्या बाईइतकं धाडस मी कुणात पाहिलं नाही.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं मात्र नाही. मुलगी पाचवीत गेली तेव्हा शाळेचं शिबिर जाहीर झालं. भोरजवळ, दोन रात्री राहायचं. मुलीने नाव दिलं, आनंदाने पिशवी भरली. निघायच्या सकाळी अंथरुणातून उठेना. पोट दुखतंय म्हणाली. कितीतरी वर्षांनी ती पोटदुखी परत आली होती. आणि त्या आठवड्यात अण्णा आमच्याकडे राहायला आले होते.

अण्णा तिच्या उशाशी बसले. "नको जाऊस बाळा. तिथे विहिरी असतात, साप असतात. आपण इथे पत्ते खेळू."

मुलीने आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत सुटका झाल्याची आशा होती. मीही बायकोकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, राहू दे, एका शिबिराने काय होतंय.

बायको वडिलांजवळ खाली बसली. आवाज चढवला नाही. "अण्णा, तुमची काळजी मला कळते. माझ्याइतकी ती कुणालाच कळणार नाही. पण ती तिला नका देऊ. माझ्याकडे द्या. मला सवय आहे."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले.

मग ती मुलीकडे वळली. "पोट दुखतंय, खरंच दुखतंय. मला माहितीये ते कसं दुखतं. तुला सगळ्यांत कशाची भीती वाटतेय?"

उशीत तोंड खुपसून मुलगी म्हणाली, "रात्री मला रडू आलं तर सगळ्या हसतील."

"हसतील कदाचित. मग तू काय करशील?"

उशीतूनच आवाज आला, "पांघरूण डोक्यावरून घेईन. मग शिबिरातल्या ताईंना सांगीन."

"चालेल. आत्ता शिबिराला जायचं का ते ठरवू नकोस. आत्ता फक्त दात घासायचेत. मग शाळेच्या फाटकापर्यंत जाऊ. बसपाशी तू ठरव. नको म्हणालीस तर आपण परत येऊ, मी रागावणार नाही."

आम्ही चौघंही गेलो. अण्णाही आले, न सांगता चपला घालून. बस सुरू होती, मुली खिडक्यांतून डोकी काढून हाका मारत होत्या. आमची मुलगी दारापाशी उभी राहिली, एक पाय पायरीवर, एक खाली. शिक्षिका घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "चल गं लवकर." बायको तिच्या शेजारी उभी होती. हात बांधलेले, ओठ मिटलेले. तिने मुलीच्या पाठीला हातसुद्धा लावला नाही. मला तिची मान दिसत होती, तिथली शीर उडत होती. मुलीने एकदा आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली, हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. आणि मुलीने दुसरा पाय उचलला.

बस वळणावरून दिसेनाशी झाली, तशी बायको शाळेच्या कट्ट्यावर बसली आणि तिचं सगळं अंग कापायला लागलं. मी रसवंतीवरून रस आणायला गेलो. परत आलो तर अण्णा तिच्या शेजारी बसले होते. त्यांनी आपला हातरुमाल तिच्या हातात दिला होता.

"माझी आई उंबऱ्यावर बसून असायची," अण्णा रस्त्याकडे बघत सांगत होते. "आम्ही भावंडं घरी येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. मला वाटायचं, माया म्हणजे हीच. दुसरी पद्धत असते, हे मला माहीतच नव्हतं गं."

"तुमची मायाच होती अण्णा," बायको म्हणाली. "मला कधीच दुसरं काही वाटलं नाही."

तिघंही आम्ही कट्ट्यावर बसून रस प्यायलो. अण्णांनी त्या दोन दिवसांत शिबिराचा एकदाही विषय काढला नाही. त्यांना ते किती जड गेलं असेल, ते त्यांच्या मुलीलाच कळत होतं. ती त्यांना मुद्दाम बाजारात घेऊन गेली, गवार निवडायला बसवलं, पत्त्यांचा डाव मांडला, आणि दोघं बापलेक एकमेकांची काळजी एकमेकांसमोर ठेवून झब्बू खेळत बसले.

मुलगी परत आली ती एक चप्पल हरवून, ऊन लागून काळी पडून. पहिल्या रात्री रडले, असं तिने जेवताना भाताचा घास घेत घेत सांगून टाकलं. "पण शेजारची माझ्याहून जास्त रडत होती. मग मी तिला पाणी आणून दिलं." आणि लगेच विचारलं, "पुढच्या वर्षी तीन रात्री आहे. जाऊ ना?"

आज आमची मुलगी कमावती आहे. तिला कधीच भीती वाटत नाही, असं नाही. रक्तातलं काही थोडं आलंच असावं. बारावीच्या वर्षी तिची झोप उडाली, भूक गेली. तेव्हा आम्ही काही म्हणायच्या आत ती स्वतःच म्हणाली, "आई, त्या मॅडमना अजून भेटता येतं का?" मॅडमचं वय झालं होतं, त्यांनी आपल्या विद्यार्थिनीकडे पाठवलं. मुलगी काही आठवडे गेली, सावरली, परीक्षा दिली. तिला मार्क बेताचे पडले आणि ती त्या रात्री शांत झोपली. माझ्या बायकोला तरुणपणी हीच गोष्ट अनेक वर्षं कुणाला सांगता आली नव्हती. मुलीने ती सर्दी झाल्यासारखी सांगितली. आम्हाला दोघांनाही वाटतं, एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

बायकोची धास्ती गेलेली नाही. अजूनही तिचे हात गार पडतात, अजूनही ती कधीकधी औषध घेते. शूर माणसाला भीती वाटत नाही, असं मी लहानपणापासून समजत होतो. आमच्या घरात राहून माझी समजूत पार बदलली. जिला रोज भीती वाटते आणि जी रोज ती भीती स्वतःच्या ओंजळीत धरून ठेवते, मुलीच्या अंगावर एक थेंब सांडू देत नाही, आणि सांडलाच तर तो कसा पुसायचा हेही शिकवते, तिच्याबद्दल मला काय वाटतं ते सांगायला मला नीट शब्द सापडत नाहीत. मी तिला तसं म्हटलं तर ती म्हणते, "पुरे. गॅसवर भाजी आहे."

आमच्या वरच्या मजल्यावर आता एक तरुण जोडपं राहायला आलंय. दोघंही हिंजवडीला नोकरीला, दोघंही आमच्याच विदर्भातली. परवा ती मुलगी आमच्या दारात आली. कडेवर तीन वर्षांची लेक, आईच्या खांद्यात तोंड लपवलेली.

"काकू, ही मला सोडतच नाही," ती म्हणाली. "आणि मलाच वाटतं हो, हिला सोडू नये. शाळेची बस आली की माझ्याच पोटात ढवळतं. मी काय करू?"

बायकोने तिला आत बोलावलं, चहा टाकला. उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली नाही. तिचं सगळं ऐकून घेतलं. लहानीसमोर वाटीत चुरमुरे ठेवले. लहानीने आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दोन्ही डोळ्यांनी, मग आईच्या मांडीवरून उतरून वाटीपाशी बसली.

"तुझ्या पोटात ढवळतं ते मला सांगत जा," बायको त्या मुलीला म्हणाली. "उद्या बस किती वाजता येते? मी पण येते खाली. आपण दोघी तिथे उभ्या राहू."